मोटरहोमच्या पुढच्या काचेचं रबर आणि पट्टी स्वतः बदलायची असेल तर

प्रश्न असा आहे: "आमचं मोटरहोम 18 वर्षांचं आहे. पुढच्या काचेभोवतीच्या रबरात बसवलेली पट्टी आखडली आहे आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत बाहेर लोंबते. पाऊस झाला की डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला पाणी साचतं. एकाने वरून सिलिकॉन मारून टाका म्हणून सांगितलं. पट्टी आणि रबर मी स्वतः बदलू शकतो का? पट्टी काढली तर काच निखळून पडेल का?"

पट्टी तुम्ही स्वतः बदलू शकता, पहिल्यांदा करताना एक अख्खा दिवस हाताशी ठेवा. रबर बदलायचं झालं तर काच उतरवावी लागते. त्याला किमान तीन माणसं आणि दोन दिवस लागतात, पण तेही जमण्यासारखं आहे. सिलिकॉन मात्र मारू नका. का, ते पुढे येईलच. आणि काच चिकटवलेली असेल तर यातलं काहीच तुमच्यासाठी नाही, म्हणून सगळ्यात आधी तेच तपासू.

मोटरहोमची पुढची काच दोन तऱ्हेने बसवलेली असते. जुन्या आणि मोठ्या, बससारख्या सपाट तोंडाच्या गाड्यांत ती रबरात बसते. हे रबर आडवं कापून पाहिलं तर इंग्रजी एच अक्षरासारखं दिसतं: एका खाचेत काचेची कड, दुसऱ्या खाचेत गाडीच्या पत्र्याची किंवा फायबरची कड. व्हॅनवर बांधलेल्या आणि बऱ्याचशा नव्या गाड्यांत काच युरेथेनने, म्हणजे एका मजबूत चिकट लुकणाने, थेट सांगाड्याला चिकटवलेली असते आणि बाहेर दिसणारं रबर निव्वळ फट झाकायला असतं. ओळखायचं कसं? आत बसून काचेची कड बघा. आतूनही सलग रबर दिसत असेल तर काच रबरात आहे. आत रबर नाही, आणि काचेच्या कडेला भाजून बसवलेला काळा पट्टा आहे, जो आतल्या बाजूला बारीक ठिपके होत विरत जातो, तर ती बहुधा चिकटवलेली आहे. तो काळा पट्टा युरेथेनला उन्हापासून वाचवण्यासाठी असतो.

चिकटवलेल्या काचेतून पाणी येत असेल तर युरेथेनचा थर कुठेतरी सुटलाय, आणि ते काम काच बसवणाऱ्या जाणकाराचंच. अशा गाडीत काच सांगाड्याच्या मजबुतीचा भाग असते, आणि शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग असेल तर ती फुगताना पुष्कळदा काचेचाच आधार घेते. युरेथेन हवेतल्या दमटपणावर पिकतं, म्हणजे घट्ट होतं. त्याला नेमका प्रायमर, म्हणजे आधी लावायचा पकड देणारा थर, लागतो, आणि गाडी रस्त्यावर काढायच्या आधी ठरावीक वेळ जावा लागतो. अपघातात ही काच जागेवर राहणार की नाही हे त्यावर ठरतं, म्हणून तिथे हात घालू नका असं मी ठासून सांगतो. अशा गाडीत तुम्ही फक्त वरची झाकणपट्टी बदलू शकता, ती कशी ते शेवटाकडे सांगतो.

तुमच्या वर्णनावरून तुमची काच रबरात आहे आणि आखडलेली पट्टी ही लॉकपट्टी असावी. तिचं काम नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. रबराच्या बाहेरच्या तोंडावर एक तिसरी खाच असते. तिच्यात ही जरा कडक, पाचरीसारखी पट्टी ठोसून बसवतात. पट्टी आत गेली की रबर दोन्हीकडे फाकतं, त्याचे ओठ काचेवर आणि गाडीच्या कडेवर आवळून बसतात. पाणी अडतं ते या दाबाने. गोंदाने किंवा लुकणाने नाही. पट्टी आखडून एका कोपऱ्यात बाहेर आली की तेवढ्या जागेत ओठ सैल पडतात, आणि वाऱ्याच्या रेट्याने पावसाचं पाणी ओठाखाली शिरतं.

ती आखडते कशाने? अशा पट्ट्या बहुधा मऊ केलेल्या पीव्हीसीच्या असतात. तो मऊपणा आणणारं द्रव्य उन्हातान्हात वर्षानुवर्षं झिरपून उडून जातं. पट्टी कडक होते आणि लांबीने घटते. जुनी पट्टी हातात घेतलीत की पटेल: कोपऱ्यावरून काढलेला तुकडा तसाच वाकडा राहतो, सरळ करायला गेलं तर काडकन मोडतो. बसवताना ओढून बसवलेली पट्टी याहून कितीतरी लवकर आखडते, कारण ताणलेलं रबर किंवा पीव्हीसी संधी मिळाली की मूळ लांबीकडे परततंच. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांत पट्टीला तसं वयही झालेलं नव्हतं, बसवणाऱ्याने घाईत ओढून घेतलेली होती एवढंच.

आता सिलिकॉनबद्दल. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका गाडीला रबरावरून सिलिकॉनची सुबक रेघ मारून दिली होती. दोन पावसाळ्यांनी ती गाडी परत आली तेव्हा खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रंग फुगलेला होता, आणि नख लावलं तर पापुद्र्याखालून तांबडं पाणी आलं. सिलिकॉन या रबराला धड धरत नाही. कुठेतरी कड सुटते, तिथून पाणी आत जातं आणि बाकीच्या ठिकाणी त्याची वाट बंद झालेली असते, म्हणून ते आतच साचून राहतं. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून पिकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं, ते उघड्या लोखंडाला गंजवतं. आणि एकदा मारलं की त्याचा तेलकट अंश राहतो, त्यावर रंग, प्रायमर, युरेथेन काहीच धरत नाही. त्या गाडीचं सिलिकॉन खरवडायला मला दोन दिवस लागले, गंजाचं काम वेगळंच.

पट्टी मागवायच्या आधी एक काम कराच: पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधा. काचेजवळ पाणी दिसलं म्हणजे काचेतूनच आलं असं नसतं. छपराच्या पुढच्या टोकाला ओळीने छोटे दिवे असतात, त्यांच्या बुडाचं रबर सुकलं की पाणी आतल्या अस्तरामागून उतरतं आणि डॅशबोर्डवर येऊन थांबतं. छप्पर आणि पुढचं फायबरचं तोंड यांच्या सांध्यावरची पट्टी, आरशांचे बोल्ट, वायपरच्या दांड्यांची रबरं हेही नेहमीचे संशयित. सांध्यावरच्या ॲल्युमिनियम पट्टीत जी मऊ पट्टी घातलेली असते ती खालचे स्क्रू झाकते. ती आखडली की स्क्रू उघडे पडतात, गंजतात, आणि प्रत्येक स्क्रूचं भोक पाण्याची वाट होते. एका गाडीचं काचेचं रबर मी पूर्ण बदललं आणि पहिल्याच सरीत पाणी पुन्हा त्याच जागी हजर झालं. ते दिव्यातून येत होतं. तेव्हापासून पाण्याची परीक्षा केल्याशिवाय मी हत्यार उचलत नाही.

परीक्षा अशी: एक जण आत टॉर्च घेऊन बसतो. काचेच्या आतल्या कडेने, डॅशबोर्डवर आणि खांबांवर कोरडा टिश्यू पेपर अंथरतो, एक थेंब पडला तरी डाग दिसतो. दुसरा बाहेरून नळीने पाणी सोडतो, तोंडाला पिचकारी न लावता, नुसतं वाहतं. सुरुवात खालून. आधी खालची कड पाच मिनिटं, मग एक बाजू, मग दुसरी, मग वरची कड, आणि सगळ्यात शेवटी छपराचा सांधा नि दिवे. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडेच जाईल आणि काहीच कळणार नाही. जास्त दाबाने मारणारं मशीन लावू नका, ते चांगल्या रबराच्या ओठाखालीही पाणी घुसवतं.

डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात पाणी सोडल्यावर आतला कागद भिजला, तर पट्टीच दोषी आहे असं समजून पुढे जाऊ.

रबर राहू द्यायचं की बदलायचं? अंगठ्याचं नख रबरात रुतवा आणि सोडा. खूण भरून आली तर रबरात जीव आहे, फक्त पट्टी बदला. खूण तशीच राहिली, चिमटीत धरून वाकवल्यावर तडे उघडले, किंवा कोपऱ्यात आरपार चीर दिसली, तर नवी पट्टी घालून उपयोग नाही. कडक रबर फाकवलं की ते फाटेल. वरवरच्या बारीक सुरकुत्यांना घाबरू नका, चिरेत नख जातं का ते बघा. काचेची कडही निरखा. ही काच दोन काचांमध्ये पीव्हीबीचा पडदा घालून केलेली असते. ओल बराच काळ कडेला राहिली की पडदा काचेपासून सुटायला लागतो आणि कडेला दुधट ढग दिसतो. तो परत जात नाही, पण कोरडं ठेवलं तर पसरणं मंदावतं.

माप घेण्यावर वेळ घालवा. जुन्या पट्टीचा, आणि रबर बदलणार असाल तर रबराचाही, सांध्याजवळचा दोन सेंटिमीटरचा तुकडा धारदार पात्याने सरळ कापा. तो पांढऱ्या कागदावर उभा ठेवून आडवा छेद पेन्सिलीने काढून घ्या. पट्टीची रुंदी, खाचेची रुंदी, काचेच्या खाचेचं आणि गाडीच्या कडेच्या खाचेचं माप व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीने) घ्या. काच बहुधा 6 मिमीच्या आसपास असते, गाडीची कड पत्र्याची की फायबरची यावर दुसरी खाच ठरते, आणि तिथेच माणसं चुकतात. जुना तुकडा दाबला गेलेला असतो म्हणून काच आणि कड यांची जाडीही थेट मोजा. मागवताना हा छेद आणि मापं दोन्ही पाठवा, नुसतं गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलला मधल्या वर्षांत वेगळं रबर बसवलेलं मी पाहिलंय. रबर ईपीडीएम या कृत्रिम रबराचंच घ्या, ऊन आणि ओझोन सोसण्यात ते साध्या रबराहून फार पुढे आहे.

लांबीसाठी खाचेतून सुतळी फिरवा आणि सुतळी मोजा. टेप कोपऱ्यांवर फसवतो. आलेल्या लांबीत शेकडा 3 तरी धरा, आणि वर अर्धा मीटर हाताशी राहू द्या. घेर 6 मीटर असेल तर एकूण पावणेसात मीटर मागवलेलं बरं.

गाडी सपाट जमिनीवर, टायरवर उभी हवी. ही गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. जॅक टेकवून गाडी उचललेली असेल, आणि जमीन जराही उंचसखल असेल, तर सांगाडा पिळतो आणि काचेची चौकट तिरकी होते. तशा अवस्थेत बसवलेलं रबर गाडी खाली आल्यावर एका कोपऱ्यात सैल पडतं. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून बघा, ते जवळपास सारखे भरले पाहिजेत. हवा उबदार असावी, 20 ते 30 अंश सगळ्यात सोयीचं. थंडीत करायचंच असेल तर नवी पट्टी गरम पाण्यात ठेवून मऊ करा.

वायपर काढण्याआधी पात्याची जागा काचेवर मास्किंग टेप लावून खुणावून ठेवा. रबराशेजारच्या रंगावरही टेप लावा. सगळ्या सांध्यांचे, विशेषतः दोन काचांच्या मधल्या उभ्या खांबापाशी कोणती पट्टी कोणाच्या वरून जाते त्याचे फोटो घ्या. दुपारी चार वाजता ते आठवत नाही.

आता तुमचा भीतीचा प्रश्न. लॉकपट्टी काढली म्हणून काच आपोआप पडत नाही, कारण ती अजून रबराच्या खाचेत असते. पण रबर सैल झालेलं असतं, आणि धक्का लागला तर काच सुटू शकते. म्हणून रुंद, मजबूत टेपचे सहा-आठ पट्टे काचेवरून गाडीच्या अंगावर मारून ठेवा. आतून काचेला टेकू नका. गाडीची एक खिडकी उघडी ठेवा, कारण बंद गाडीचं दार आपटलं की आतली हवा काचेला बाहेर ढकलते. आणि पट्टी नसताना गाडी जागेवरून हलवायची नाही, दहा फूटसुद्धा नाही.

जुन्या पट्टीचा सांधा शोधा, बहुधा खालच्या कडेला मध्यावर असतो. प्लास्टिकच्या पाचरीने टोक उचला आणि पट्टी काचेशी समांतर, सावकाश ओढत जा. मोडली तर मोडू दे, पुढच्या तुकड्याखाली परत पाचर घाला. स्क्रू ड्रायव्हर नको. रबराच्या खाचेचा ओठ एकदा फाटला की पट्टी तिथे कधीच धरणार नाही, आणि पोलाद काचेच्या कडेला लागलं तर तेवढ्या टवक्यातून तडा निघतो, कधी लगेच, कधी महिन्याने.

खाच उघडी झाली की तिच्यातली घाण बघून घ्या: माती, शेवाळ, जुन्या पट्टीची भुकटी. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी, नंतर स्वच्छ पाणी, नंतर कोरडं फडकं. मग प्लास्टिकची चपटी पट्टी घालून रबराचा बाहेरचा ओठ काचेवरून अलगद उचला आणि आतही तसंच साफ करा. त्यानंतर पूर्ण सुकू द्या. पंखा लावून एक रात्र गेली तरी चालेल. ओल आत ठेवून वरून बंद करणं म्हणजे गंजाला घर बांधून देणं.

सुकल्यावर, ज्या बाजूने पाणी येत होतं तिथे ओठाखाली न पिकणारं, कायम लोण्यासारखं मऊ राहणारं ग्लेझिंग मॅस्टिक भरा. ते काच आणि रबर यांच्यामध्ये बारीक नळीने जातं, आणि रबर आणि गाडीची कड यांच्यामध्येही. गाडी चालताना काच रबरात जराशी हलते, मॅस्टिक तिच्याबरोबर हलतं, तुटत नाही. थोडंच भरा. पट्टी बसल्यावर जास्तीचं बाहेर येईल ते प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, काचेवरचे डाग फडक्याला किंचित टर्पेंटाइन लावून पुसा. ते रबरावर मात्र जाऊ देऊ नका. तेल, ग्रीस, पेट्रोलियम जेली, डिझेल यांनी ईपीडीएम फुगतं आणि भुसभुशीत होतं.

नवी पट्टी घालायला लॉकपट्टीचं हत्यार मिळतं. मूठ, तिच्या टोकाला पाकळीच्या आकाराचं तारेचं कडं, आणि बऱ्याच हत्यारांत मागे छोटं चाक. पट्टी कड्यातून ओवायची, कडं खाचेत घालायचं. हत्यार ओढत नेलं की कडं रबराचे ओठ फाकवतं, पट्टी त्यात उतरते आणि चाक ती दाबून बसवतं. याला पर्याय शोधू नका. कडं दोन-तीन मापांत येतं, पट्टीच्या रुंदीला जुळणारं घ्या.

वंगण म्हणून फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब. खाचही भिजवा, पट्टीही. सिलिकॉन स्प्रे चालतो, पण तो आजूबाजूच्या रंगावर बसतो आणि पुढे कधी रंगकाम निघालं तर डोकेदुखी होते. मी साबणच वापरतो, सुकल्यावर त्याचा मागमूस राहत नाही.

सुरुवात खालच्या सरळ कडेवर, कोपऱ्यापासून निदान दोन वीत लांब. रबराचा स्वतःचा सांधा जिथे असेल तिथे पट्टीचा सांधा येऊ देऊ नका. टोकाला 30 सेंटिमीटर मोकळं सोडा. उजव्या हाताने हत्यार ओढायचं, आणि डाव्या हाताने पट्टी कड्याकडे सतत ढकलत राहायची. हा डावा हातच काम बिघडवतो किंवा सुधारतो. हत्यार पट्टीला स्वतःहून खेचत असतं, तुम्ही मागून पुरवठा केला नाहीत तर पट्टी ताणून बसेल, दिसेल सुंदर, आणि वर्षभरात परत कोपऱ्यातून बाहेर येईल. हाताखाली पट्टी किंचित गोळा होतेय असं वाटलं पाहिजे. अर्धा मीटर झाला की थांबून मागे बघा. बसलेल्या भागावर बोट फिरवा, पट्टी रबराच्या पातळीत, सगळीकडे सारखी लागली पाहिजे.

कोपऱ्यात वेग अर्ध्यावर आणा. वळणावर हत्यार दोन-दोन सेंटिमीटर सरकवा, दर वेळी पट्टी पुढे ढकला. कोपऱ्यात ताण राहिला तर पट्टी वळणाच्या आतल्या कडेला सरकते, आणि बाहेरच्या कडेला केसाएवढी फट दिसते. ती फट दिसली तर तेवढा भाग काढून परत घाला, दाबून बसवायला जाऊ नका. तुमच्या गाडीत दोन्ही वरचे कोपरे गेलेत, तेव्हा तिथे शिडी किंवा घोडा छातीच्या उंचीला येईल असा लावा. हात वर करून, टाचा उचलून केलेला कोपरा नीट होत नाही.

पूर्ण फेरी झाली की टोक कापू नका. दोन्ही मोकळी टोकं एकमेकांवर ठेवून रात्रभर राहू द्या. पट्टी आपली जागा घेते, थोडी आतही जाते. सकाळी नव्या पात्याने, काटकोनात, लागते त्यापेक्षा 5-6 मिमी लांब कापा. दोन टोकं एकमेकांना टेकवून मधला फुगा अंगठ्याने आत दाबा. सांधा आवळून बसला पाहिजे.

रबरच बदलायचं असेल तर आधी वजनाचा अंदाज घ्या. 6 मिमी जाडीच्या काचेचं वजन दर चौरस मीटरला साधारण 15 किलो. दोन तुकड्यांतली एक काच सव्वा चौरस मीटर धरली तर 19 किलोच्या घरात, अडीच चौरस मीटरची सलग काच 37-38 किलो. वजन एकवेळ पेलेल, पण बाक असलेली, निसरडी, कडेला नाजूक वस्तू उंचीवर धरणं कठीण असतं. दोघं बाहेर व्हॅक्यूम कप लावून, एक आत. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा तिघांनाही. लॉकपट्टी काढून झाल्यावर, जुनं रबर टाकूनच द्यायचं असल्याने, त्याचा बाहेरचा ओठ कापून घ्या. मग काच ओढून काढावी लागत नाही, आतल्याने वरच्या कोपऱ्यात तळव्याने हलका दाब दिला की बाहेर येते. ती गादी घातलेल्या दोन घोड्यांवर आडवी ठेवा. जमिनीवर कडेने उभी कधीच करू नका.

काच निघाल्यावर चौकटीत काय दिसतं त्यावर पुढचा दिवस ठरतो. पत्र्याची कड असेल तर गंज बहुधा खालच्या कोपऱ्यांत. पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, गंजरोधक लावा, इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि रंग पूर्ण कडक होईपर्यंत थांबा. कच्च्या रंगावर रबर चढवलं तर ओठाखालचा रंग रबराबरोबर निघतो. फायबरचं तोंड असेल तर कोपऱ्यातून निघालेले केसासारखे तडे शोधा. ते रेझिन आणि काचतंतूच्या मॅटने भरता येतात, पण ते का पडले हे आधी बघा. ज्या गाडीत काच पुन्हापुन्हा वरच्या एकाच कोपऱ्यात रबरातून बाहेर येते, तिथे रबर निर्दोष असतं. मागचा लोखंडी सांगाडा वाकतोय, एखादं वेल्डिंग तुटलंय किंवा तळाची कड बसलीये. ते दुरुस्त केल्याशिवाय कितीही चांगलं रबर घातलंत तरी काच तिथूनच निघेल.

लॉकपट्टीचं रबर आधी गाडीच्या कडेवर चढवायचं, मग त्यात काच. रबर घेरापेक्षा शेकडा 1 ते 2 लांब कापा, सांध्यावर दोन्ही तोंडं दाबून बसवा आणि सायनोॲक्रिलेट गोंदाच्या (झटकन चिकटणाऱ्या सुपरग्लूच्या) दोन थेंबांनी जोडा. सांधा कोपऱ्यात आणू नका. साबणाचं पाणी सढळ हाताने मारा. काच आधी खालच्या खाचेत टेकवा, मध्यावर बरोबर आली का बघा, मग प्लास्टिकच्या पट्टीने ओठ काचेवरून उलटवत दोन्ही बाजूंनी वर जा. वरची कड शेवटी. काच कुठेही थेट पत्र्यावर किंवा फायबरवर टेकता कामा नये, खाली मध्ये रबरच असलं पाहिजे. ज्या रबराला लॉकपट्टीच नसते त्याला दोरीची जुनी युक्ती: रबर काचेला चढवा, दुसऱ्या खाचेत 5 मिमीची गुळगुळीत दोरी फिरवा आणि टोकं खाली आतल्या बाजूला सोडा. बाहेरचे दोघं तळव्याने दाबतात, आतला दोरी ओढत जातो, आणि दोरीबरोबर ओठ कडेवर उलटत जातो. दाबणारे हात दोरी जिथे आहे तिथेच असावेत. हातोडी, अगदी रबरी असली तरी, लांब ठेवा.

चिकटवलेल्या काचेची झाकणपट्टी बदलणाऱ्यांसाठी थोडक्यात. बहुतेकींना मागे एक दांडी असते जी फटीत घुसते. जुनी पट्टी प्लास्टिकच्या पाचरीने काढा, खालच्या युरेथेनला पातं लागू देऊ नका. फट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पट्टी वरच्या कडेच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना बसवत या, म्हणजे दोन्ही कोपरे सारखे दिसतात. कोपऱ्यात वळत नसेल तर मागच्या दांडीला इंग्रजी व्हीसारख्या खाचा पाडा, पुढचं तोंड कापू नका. इथेही ओढायचं नाही.

काम झालं की दुसऱ्या दिवशी तीच पाण्याची परीक्षा, तशीच खालून वर, तसाच कागद अंथरून. आता ओठाच्या बाहेरच्या कडेने एक-दोन बुडबुडे आले तर ते खाचेत अडकलेल्या हवेचे असतात. आतला कागद कोरडा असेल तर काळजी नाही. वायपर टेपच्या खुणेवर परत लावा, एकदा कोरडे न चालवता पाणी मारून चालवून बघा, पात्याचं टोक नव्या पट्टीला घासत नाही ना ते पाहा. मोठ्या पात्यांच्या गाड्यांत ते घासतं आणि पट्टीची कड उचलतं.

पहिल्या लांब प्रवासानंतर, साधारण 200-300 किलोमीटर झाले की, गाडी सपाटीला उभी करून चारही कोपऱ्यांवर आणि सांध्यावर बोट फिरवा. पट्टी कुठे एखादा मिलिमीटर वर आली असेल तर साबणाचं पाणी मारून अंगठ्याने परत बसते. त्याहून जास्त वर आली असेल तर तेवढ्या कोपऱ्यात ताण राहिलाय. सांधा उघडा, त्या कोपऱ्यापर्यंत पट्टी काढा आणि सांध्यात ठेवलेली जादा लांबी तिकडे ढकलत परत घाला. उरलेला अर्धा मीटर टाकून देऊ नका. सांधा कधी उघडा पडलाच तर छोटा तुकडा जोडायला तोच लागतो, आणि त्याच मापाचा पुन्हा मिळेलच असं नाही.